तिसऱ्या बाई कुठे आहेत?

आमच्या अण्णांनी आयुष्यात कधी काही मागितलं नाही. अण्णा म्हणजे माझे सासरे. जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आले, तेव्हा "उशी कशी हवी?" या प्रश्नालासुद्धा त्यांनी "जी उपलब्ध असेल ती" असं उत्तर दिलं होतं. असे हे अण्णा एका रविवारी मटार सोलता सोलता म्हणाले, "एकदा जंगल बघायचं राहिलं."

बस, एवढंच. म्हणाले आणि पुढची शेंग घेतली. पण बायकोने माझ्याकडे बघितलं. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तिच्या बघण्याचा अर्थ नेहमी "हलू नका, श्वास रोखून धरा" असाच असतो.

"हिवाळ्याच्या सुट्टीत जाऊ या," ती म्हणाली. "सफारी करू. बुकिंग तू कर."

बुकिंग मी करायचं ठरताच समोरच्या फ्लॅटमधले विमावाले सपाता सरकवत आले. त्यांना कोण सांगतं हे मला आजवर कळलेलं नाही. ते सहा वेळा सफारीला जाऊन आलेत, म्हणून मी भोळेपणाने विचारलं, "मग वाघ दिसला का?"

"वाघ गौण आहे," ते म्हणाले. "झोन महत्त्वाचा." आणि त्यांनी आमच्या टेबलावर जंगल मांडलं. "हा साखरेचा डबा म्हणजे कोअर, आतलं जंगल. ही बशी म्हणजे बफर, कडेचं. कोअरमध्ये वाघ असतो, पण दिसत नाही. बफरमध्ये नसतो, पण दिसतो."

"आणि गेट?"

"गेट तुमच्या हातात नाही." असं म्हणून त्यांनी माझा चहा उचलून पिऊन टाकला. तो कप नकाशात कशाच्या जागी होता ते राहूनच गेलं.

त्यांनी आणखीही पुष्कळ सांगितलं. पांढरे कपडे नकोत, लाल नकोत, पिवळे तर मुळीच नकोत. पावडर नको, अत्तर नको, खोकला नको. जाता जाता एक पत्रकही ठेवून गेले. जीपमधून पडलात तर विमा मिळतो, उतरलात तर मिळत नाही. पडणं आणि उतरणं यातला फरक सिद्ध करायची जबाबदारी विमाधारकाची. साक्षीला वाघ चालतो का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते खोकला नको म्हणाले होते, म्हणून घसासुद्धा साफ केला नाही.

आता माझ्याविषयी थोडं सांगणं भाग आहे. मी क्रमिक पुस्तकांचा मुद्रितशोधक आहे. गेली बावीस वर्षं लोकांच्या चुका काढतो. मुलांच्या हातात पडणाऱ्या भूगोलात नदी उलटी वाहत नाही, ती माझ्यामुळे. तेव्हा चार माणसांचा अर्ज भरणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मला वाटत होतं.

परवान्यांची खिडकी सकाळी दहा वाजता उघडणार आणि काही मिनिटांत बंद होणार होती. खिडकी म्हणजे कॉम्प्युटरवरची. मी साडेनऊपासून चौघांची ओळखपत्रं टेबलावर मांडून बसलो होतो. दहाला शिल्लक जागा दिसल्या अठ्ठावीस. मी माझी माहिती भरली, जुळली. बायकोची भरली, जुळली. चौथीतल्या कन्येची भरली, जुळली. अण्णांची भरली आणि लाल अक्षरं उमटली: "माहिती ओळखपत्राशी जुळत नाही."

शिल्लक एकोणीस. मी नाव पुन्हा टाइप केलं. जुळत नाही. आडनाव आधी, नाव मागून. जुळत नाही. जन्मतारीख एकेक आकडा बोट ठेवून वाचली. जुळत नाही. शिल्लक नऊ. बायको मागे उभी राहून श्वास रोखून धरायला लावत होती. शिल्लक सहा. माझ्या कपाळावर घाम, बाहेर स्वेटरची थंडी.

"पप्पा," कन्या कार्ड हातात घेऊन म्हणाली, "आजोबांच्या पुढे 'स्त्री' लिहिलंय."

खोलीत सगळं थांबलं. जागा मात्र थांबल्या नाहीत. शिल्लक चार. आम्ही चौघंच होतो. मी विचार न करता 'पुरुष' खोडून 'स्त्री' केलं आणि बटण दाबलं. यंत्राला इतका आनंद झाला की हिरवा रंग, टाळ्यांचं चित्र आणि "अभिनंदन!" असं सगळं एकदमच आलं. परवाना मिळाला. एक पुरुष, तीन स्त्रिया.

अण्णांनी चष्मा लावला. कार्ड हातभर लांब धरलं. "स्त्री," त्यांनी स्पष्ट उच्चारात वाचलं. एखाद्या अर्जदाराला त्याची चूक वाचून दाखवावी तसं. मग आरशात बघितलं. त्यांच्या मिशा बऱ्यापैकी भरघोस आहेत.

"तीन वर्षं कुणी बघितलं नाही?" बायको म्हणाली.

"दुसऱ्याचं कार्ड माणूस तपासतो. आपलं खिशात ठेवतो," अण्णा म्हणाले. "माझ्या हाताखाली हे झालं असतं तर त्या माणसाची बदली झाली असती. दुरुस्ती करून घ्यायला हवी. उद्याच."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून अण्णांना दुरुस्ती केंद्रात घेऊन गेलो. खरं तर अण्णाच मला घेऊन गेले. कार्यालयाच्या पायऱ्या चढताना त्यांची चाल बदलली. मान ताठ, फाइल काखेत. आयुष्यभर ते खिडकीच्या आत बसले होते, बाहेर उभे राहायची त्यांची पहिलीच वेळ. त्यामुळे रांगेत ते सारखे आत डोकावून "तिचं पेन चुकीच्या बाजूला आहे" वगैरे पुटपुटत होते.

चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी कार्ड बघितलं, अण्णांकडे बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं.

"काय दुरुस्ती आहे?"

"मी पुरुष आहे," अण्णा म्हणाले.

"पुरावा?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं. मी वळून रागाने बघितलं. मुद्रितशोधकाच्या रागाला मर्यादा असतात, पण बघितलं. अण्णांनी पेन्शनचे कागद, नोकरीचं पुस्तक, शाळेचा दाखला असं सगळं शिस्तीत लावून पुढे केलं. बाई खूश झाल्या. "असे कागद घेऊन कुणी येत नाही हो," त्या म्हणाल्या. "थांबा, मूळ अर्जावर काय होतं ते बघू. ऑपरेटरची चूक की अर्जदाराची, ते लिहावं लागतं." आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला.

पडद्यावर तीन वर्षांपूर्वीचा पत्ताबदलाचा अर्ज होता. स्वच्छ, टपोरं अक्षर. प्रत्येक चौकोनात नेटकी खूण आणि खुणेनंतर एक बारीक टिंब. असं टिंब सबंध छापखान्यात एकच माणूस देतो. अण्णा आमच्याकडे राहायला आले तेव्हा "तुम्ही बसा, मी भरतो" असं म्हणणारा उत्साही जावई मला एकदम डोळ्यांपुढे दिसायला लागला. 'स्त्री'च्या चौकोनात त्याने ठसठशीत खूण केली होती. टिंबासकट.

अण्णांनी चष्मा वर सरकवून तो अर्ज बराच वेळ बघितला.

"हं," ते म्हणाले.

बस, "हं." आता या 'हं'चा अर्थ काय लावायचा? 'ओळखलं' असा? 'असो' असा? की नुसताच घशातला आवाज? घरी आल्यावर बायकोने विचारलं, "मग, कुणी घातला घोळ?"

"असेल कुणीतरी घाईत," अण्णा म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

"तुझा चेहरा का असा झालाय?" बायकोने मला विचारलं.

"सर्दी," मी म्हणालो. सांगून टाकायला हवं होतं हे मला कळत होतं. पण बावीस वर्षांची अब्रू एका चौकोनात अडकली होती. उद्या सांगू म्हटलं. उद्या शनिवार होता. शनिवारी कशाला, म्हटलं.

तेवढ्यात विमावाले आले. त्यांना सगळी हकीकत आधीच माहीत होती. "एक सांगू?" ते म्हणाले. "परवान्यावर काय आहे? स्त्री. कार्ड दुरुस्त झालं की कार्डावर काय येणार? पुरुष. म्हणजे पुन्हा जुळत नाही!"

मी परवान्यांच्या मदत क्रमांकाला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, परवान्यातली दुरुस्ती फक्त गेटवर होते. गेटवर फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, दुरुस्ती फक्त ऑनलाइन होते. मी दोघांचं बोलणं एका कागदावर लिहून समोरासमोर ठेवलं. बावीस वर्षांत इतका निर्दोष आणि इतका निरुपयोगी मजकूर माझ्या हातून गेला नव्हता.

"कार्ड सहलीनंतर दुरुस्त झालं म्हणजे प्रश्नच नाही," बायको म्हणाली. "ते पंधरा ते तीस दिवस म्हणालेत ना? आपल्याला अठरा दिवस आहेत. त्यांना म्हणावं, जरा सावकाश करा."

हे अण्णांना सांगणं म्हणजे पट्टीच्या गवयाला बेसूर गा म्हणण्यासारखं होतं. काम लांबवा, अशी विनंती! पण लेकीपुढे त्यांचं काही चालत नाही. सोमवारी आम्ही पुन्हा चार नंबरच्या खिडकीशी.

"बाई," अण्णा जड आवाजात म्हणाले, "आमचा अर्ज जरा रखडला तर बरं होईल."

बाईंचा चेहरा बदलला. "म्हणजे आम्ही कामं रखडवतो?"

"तसं नाही हो," मी मध्ये पडलो. "तुम्ही नेहमी जेवढा वेळ लावता तेवढाच लावा, एवढंच म्हणणं आहे."

मी बोलायला नको होतं. बाईंनी खुर्ची मागे सारली. उठून आतल्या खोलीत गेल्या. आतून मोठ्याने बोलल्याचे, मग कपाट उघडल्याचे, मग शिक्का आपटल्याचे आवाज आले. "उद्या सकाळी कार्ड घरपोच," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "आणि बाहेर जाऊन सांगा लोकांना, आम्ही रखडवतो म्हणून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कार्ड आलं. पुरुष. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, 'जुने कार्ड नष्ट करावे.' मी आंघोळीहून बाहेर येईपर्यंत अण्णांनी ते कात्रीने चार तुकडे करून, तुकडे मोजून केराच्या टोपलीत टाकले होते.

"अण्णा! गेटवर जुनं दाखवता आलं असतं!"

"रद्द झालेला कागद दाखवायचा?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टॉवेल आणखी घट्ट गुंडाळला.

अशा रीतीने जगातली पहिली वेळेआधी झालेली दुरुस्ती खिशात घालून आम्ही सुट्टीला निघालो. प्रवासाचं काही सांगत नाही. विमावाल्यांच्या सल्ल्याप्रमाणे चौघंही मातकट कपड्यांत होतो आणि वाटेतल्या स्टेशनवर दोघांनी मला सामान उचलायला बोलावलं, एवढंच सांगतो.

सफारी पहाटेची. थंडी अशी की बोलताना शब्दांआधी वाफ बाहेर पडत होती. गेटवर उघड्या जीपांची रांग, आणि एका टेबलामागे डोक्याला मफलर गुंडाळून बसलेले कारकून. त्यांनी बॅटरीच्या उजेडात परवाना वाचला.

"एक पुरुष, तीन स्त्रिया," ते म्हणाले. त्यांनी बायको मोजली, कन्या मोजली. मग आमच्या मागे अंधारात बघितलं. "तिसऱ्या बाई कुठे आहेत?"

अण्णा एक पाऊल पुढे आले. "मी."

मफलरवाल्यांनी बॅटरी वर केली. उजेड मिशांवर येऊन थांबला. नवं कार्ड बघितलं, परवाना बघितला. "हे जुळत नाही."

"नाही जुळत," अण्णा म्हणाले.

"मग आत सोडता येणार नाही."

"अगदी बरोबर. मीही सोडलं नसतं." आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही जाऊन या. माणूस नियमाने वागतोय, त्याच्याशी वाद घालू नका." हे म्हणताना त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. पण त्यांची नजर मफलरवाल्यांच्या खांद्यावरून पलीकडे, फाटकातून आत जाणाऱ्या मातीच्या रस्त्यावर गेली होती. तिथे धुकं होतं आणि आतून कुठलासा पक्षी ओरडत होता.

मला ते बघवेना. आणि बघवेना म्हणून की थंडीने डोकं बधिर झालं होतं म्हणून, कोण जाणे, मी जीपांच्या अख्ख्या रांगेपुढे ओरडलो, "चूक माझी आहे! अर्ज मी भरला होता! यांना स्त्री मी केलं!"

सगळ्या जीपांमधून माना वळल्या. एका जीपमधून "कसं काय?" असा प्रश्नही आला. बायकोने माझ्याकडे बघितलं. या वेळी तिला एक्स-रेची गरज नव्हती.

मफलरवाले शांत होते. "लेखी द्या," ते म्हणाले. "रेंजर मॅडमपुढे ठेवतो. मॅडम सव्वानऊला येतात. ज्यांचे कागद जुळतात ते आत जाऊ शकतात."

अण्णांनी लेकीला आणि नातीला जवळजवळ ढकलून जीपमध्ये बसवलं. जाता जाता बायको एवढंच म्हणाली, "सर्दी होती ना तुला?" जीप धुक्यात गेली. फाटकाशी आम्ही दोघं उरलो.

मी बाकावर बसून मांडीवर कागद घेतला. बोटं आखडली होती. अण्णा शेजारी बसले आणि सांगू लागले. "महोदया, वरील विषयास अनुसरून... 'अनवधानाने' लिहा. 'व'ला काना नाही, 'ध'ला आहे. हं. 'माझ्या हातून नजरचुकीने झालेल्या...'" बावीस वर्षांचा मुद्रितशोधक शुद्धलेखन घालत होता, म्हणजे त्याला घातलं जात होतं. खाली सही केली. सवयीने सहीनंतर टिंब दिलं.

अण्णा त्या टिंबाकडे बघत म्हणाले, "खिडकीवरच ओळखलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मनात आलं, बोलतील स्वतः. जरा वेळ लागला. आमच्याकडे नोंद उशिरा आली तर वेगळा अर्ज घ्यायचो आम्ही. पण घ्यायचो."

मी विचारलं, "अण्णा, जंगल कशाला बघायचं होतं तुम्हाला?"

त्यांनी थंडीने हात चोळले. "चौतीस वर्षं माणसं जन्मली की माझ्याकडे, गेली की माझ्याकडे. मनात यायचं, जिथून माझ्याकडे कुणीच येत नाही अशी एखादी जागा बघावी."

हे मफलरवाल्यांनी ऐकलं. "इथेही नोंदी असतात हो आजोबा," ते म्हणाले आणि टेबलावरची जाडजूड नोंदवही सरकवली. रोज कुणाला काय दिसलं त्याची वही. अण्णांना नोंदवही दिसल्यावर राहवणं शक्यच नव्हतं. ते पानं उलटू लागले आणि एका ठिकाणी थबकले. "हा सोळा नंबरचा वाघ. दोन हिवाळे 'नर' लिहिलाय. आणि इथे पुढे 'मादी, तीन पिल्लांसह'?"

"हां, तो एक घोळ झाला," मफलरवाले ओशाळून म्हणाले. "पिल्लं झाली तेव्हा कळलं. मग खोडून मादी केलं."

"पुरावा मागितला का?"

"कोण मागणार?"

अण्णा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग मिशा, मग सगळे अण्णा. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. मफलरवालेही हसले, आणि मग मीही, जरी माझा हसण्याचा अधिकार तपासून घ्यायला हवा होता.

रेंजर मॅडम सव्वानऊला आल्या. त्यांनी माझा अर्ज वाचला, परवान्यावरचा 'स्त्री' पेनने खोडला, 'पुरुष' लिहिलं आणि सही केली. तीन आठवड्यांचा घोळ चार सेकंदांत संपला. "माझी गस्तीची गाडी पाणवठ्यापर्यंत चाललीय. बसा दोघं," त्या म्हणाल्या.

मी उडी मारून उठलो. अण्णा उठले नाहीत. "मॅडम, खाडाखोडीवर शिक्का लागेल."

"शिक्का ऑफिसात आहे. सात किलोमीटर."

"मी थांबतो."

मी हात जोडले. कुणाला जोडले ते आठवत नाही, बहुतेक सगळ्यांनाच. शेवटी मफलरवाल्यांनी खण उपसून एक शिक्का शोधला आणि दाणकन मारला. अण्णांनी वाचला. 'वाहन तपासले.' मी श्वास रोखून धरला.

"शिक्का आहे ना," अण्णा म्हणाले आणि गाडीत चढले.

गाडीत ड्रायव्हर, एक वनरक्षक आणि आम्ही दोघं. पाणवठ्याशी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. धुकं विरून ऊन गवतावर पसरलं होतं. काही हरणं पाण्यात तोंड घालून उभी होती. एकाएकी त्यांनी सगळ्यांनी माना वर केल्या. पलीकडच्या उंच गवतात काहीतरी हललं. मोठं होतं, सावकाश चालत होतं. थांबलं. आमच्याकडे बघत असावं. मग गवत मिटलं.

"बिबट्या," ड्रायव्हर कुजबुजला.

"रानडुक्कर," वनरक्षक म्हणाला.

मला तर ते सगळा वेळ झुडूप वाटत होतं, पण झुडूप चालत नाही म्हणून मी गप्प बसलो. दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून अण्णा त्या गवताकडे बघत राहिले. गाडी सुरू झाली तरी मान वळवून बघत राहिले.

फाटकाशी बायको आणि कन्या परत आल्या होत्या. त्यांना दोन मोर आणि अकरा जीपा दिसल्या होत्या. मफलरवाल्यांनी वही पुढे केली. "नोंद करा. काय दिसलं?"

ड्रायव्हर आणि वनरक्षक पुन्हा भांडायला लागले. अण्णांनी पेन घेतलं. चष्मा लावला. रकाने नीट वाचून घेतले आणि सावकाश, गोल अक्षरात भरले. प्राण्याचे नाव: खात्री नाही. नर किंवा मादी: खात्री नाही. संख्या: एक. शेरा: फार चांगले होते.

"असं चालत नाही हो आजोबा," मफलरवाले म्हणाले.

"चालतं," अण्णा म्हणाले आणि खाली लफ्फेदार सही ठोकली.